जुन्या तेलापासून डिझेल : छिद्रांची करामत आणि आपला धंदा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या कापडाच्या पेढीवर एक गृहस्थ आले. हातात रंगीत माहितीपत्रक होते. म्हणाले, "शेठ, हॉटेलांचे जळके तेल आणि साबणवाल्यांकडचे ॲसिड ऑइल मातीमोल भावात मिळते. आमचे हे छोटे यंत्र घ्या. सकाळी तेल ओता, संध्याकाळी डिझेल काढा. तुमचा जनरेटर चालेल, टेम्पो चालेल, उरलेले विका."

हिशेब कागदावर फार गोड होता. आम्ही आणि बाजारातील दोघा ओळखीच्यांनी भागीदारीत पैसे घातले. यंत्र बसले. तेल, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा आणला. पहिल्याच दिवशी पिंपात डिझेलऐवजी घट्ट, चिकट, पिवळट साबण तयार झाला. दुसऱ्या खेपेसही तेच झाले. ते गृहस्थ फोन उचलेनासे झाले आणि यंत्र शेवटी भंगारच्या भावात गेले.

नुकसान झाले ते झाले. पण साबण का झाला, हा प्रश्न मनातून गेला नाही. विचारपूस केली, वाचले, जाणकारांकडून समजून घेतले. त्यातून जे हाती लागले ते आज या पानावर मांडत आहोत. हॉटेल, बेकरी, फरसाण, मटण, साबण या धंद्यांत आपले असंख्य बांधव आहेत. ज्या मालाला ते टाकाऊ समजतात, त्याला आज जगात गिऱ्हाईक आहे. मात्र ते गिऱ्हाईक काय पाहून भाव देते, हे कळले नाही तर आमच्यासारखी गत होते.

साबण का झाला?

तेल असो वा चरबी, तिचा कण एकाच पद्धतीने बांधलेला असतो. ग्लिसरीनच्या एका खुंटीला मेदाम्लाचे तीन लांब धागे टांगलेले असतात. ताज्या तेलात हे धागे खुंटीला घट्ट असतात. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले आणि वड्या-भज्यांतले पाणी त्यात उतरत राहिले, की धागे सुटू लागतात. सुटलेल्या धाग्याला मुक्त मेदाम्ल म्हणतात.

सामान्य बायोडिझेलच्या पद्धतीत तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालतात. तेल स्वच्छ असेल तर काम होते. पण मुक्त मेदाम्ल शेकडा अर्धा ते एक टक्क्याच्या वर गेले, की कॉस्टिक आपले काम सोडून आधी त्यालाच पकडतो. मेदाम्ल आणि कॉस्टिक मिळून काय होते, हे कोणताही साबणवाला सांगेल. आम्ही आणलेल्या ॲसिड ऑइलमध्ये तर निम्म्याहून अधिक मुक्त मेदाम्लच होते. म्हणजे आम्ही डिझेलचे नव्हे, साबणाचेच यंत्र चालवत होतो!

यावर उपाय आहे. आधी गंधकाम्ल, म्हणजे तेजाब, वापरून मुक्त मेदाम्ल मिथेनॉलशी जोडायचे, पाणी काढायचे आणि मग पुढची क्रिया करायची. पण तेजाब आणि मिथेनॉल सांभाळणे हे गल्लीतल्या शेडचे काम नाही. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उजेडात डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

हरित डिझेल म्हणजे दुसरीच चीज

बायोडिझेल आणि हरित डिझेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाजारात पुष्कळ घोटाळा येथेच होतो.

मेदाम्लाचा धागा नीट पाहा. त्यात कार्बनचे सोळा-अठरा मणी ओळीने गुंफलेले असतात आणि त्यांना हायड्रोजन चिकटलेला असतो. खनिज डिझेलचा धागाही असाच असतो. फरक एवढाच, की मेदाम्लाच्या एका टोकाला ऑक्सिजनचे दोन कण असतात. हा ऑक्सिजन काढून टाकला की उरते ते डिझेलच. ते बायोडिझेलसारखे डिझेलचे भावंड नव्हे, तर अगदी त्याच जातीचे असते. ते साठवणीत लवकर खराब होत नाही आणि इंजिनात खनिज डिझेलपेक्षा सहज पेटते. मुख्य म्हणजे या पद्धतीत कॉस्टिक नसल्यामुळे साबणाचा प्रश्नच येत नाही. मुक्त मेदाम्ल येथे रोग नसून कच्चा माल आहे.

ऑक्सिजन काढण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. चरबीत भरपूर असणारे स्टिअरिक आम्ल घेऊन वजनाचा हिशेब करू.

पहिला मार्ग : १०० किलो मेदाम्लाला सुमारे २.१ किलो हायड्रोजन द्यायचा. ऑक्सिजन पाणी होऊन निघतो. पाणी सुमारे १२.७ किलो आणि डिझेल सुमारे ८९.५ किलो मिळते.

दुसरा मार्ग : टोकाचा एक कार्बनच ऑक्सिजनसकट तोडून टाकायचा. तो कार्बन डायऑक्साइड वायू होऊन, सुमारे १५.५ किलो, उडून जातो. डिझेल सुमारे ८४.५ किलो मिळते. कागदावर या मार्गाला हायड्रोजन लागत नाही.

पहिल्यात माल जास्त निघतो, पण महाग हायड्रोजन खर्च होतो. दुसऱ्यात खर्च वाचतो, पण घट जास्त येते. नफा-नुकसानीचे हे कोडे आपल्याला नवे नाही. तेल कोणत्या मार्गाने जाईल, हे ठरवतो तो उत्प्रेरक.

उत्प्रेरक : जुनी ओळख

आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा पुस्तकात 'अमल-अंगेज' असा शब्द होता. जो क्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्च होत नाही, तो अमल-अंगेज. मराठीत उत्प्रेरक. सौदा जमवून देणारा दलाल जसा दोन्ही पक्षांना एकत्र आणतो आणि पुढच्या सौद्याला मोकळा होतो, तसेच याचे आहे.

याची एक करामत आपल्या घरांनी पिढ्यानपिढ्या खाल्ली आहे. वनस्पती तूप, म्हणजे डालडा, हे पातळ तेलात निकेल धातूच्या बारीक भुकटीवर हायड्रोजन सोडूनच तयार होत असे. धातूच्या भुकटीवर हायड्रोजन जोडण्याची युक्ती दाखवणारे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल सबातिए यांना १९१२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. डालड्यात धागा तसाच ठेवून त्यात हायड्रोजन भरतात. हरित डिझेलमध्ये आणखी जोर लावून टोकाचा ऑक्सिजन काढतात. त्यासाठी साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअस उष्णता आणि हवेच्या दाबाच्या तीस ते शंभर पट दाब लागतो. त्यामुळे हे काम अंगणातल्या पिंपात होणारे नाही, हे येथेच लक्षात ठेवावे.

छिद्रे कशासाठी?

क्रिया होते ती धातूच्या पृष्ठभागावर. धातूचा गोळा ठेवला तर आतला सारा माल वाया जातो. म्हणून निकेल, पॅलेडियम किंवा मोलिब्डेनम यांचे अतिसूक्ष्म कण एखाद्या सच्छिद्र पदार्थाच्या आतल्या भिंतींवर बसवतात. उर्दूत छिद्रांना मसाम म्हणतात. अंगाला जसे मसाम, तसे या पदार्थाला.

या छिद्रांची कमाल पाहा. काही सच्छिद्र सिलिका अशा असतात, की त्यांच्या एका ग्रॅममध्ये आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे एक हजार चौरस मीटर भरते. आमच्या भाषेत सांगायचे तर एक मीटर पन्ह्याचे हजार मीटर कापड चिमूटभर भुकटीत घडी करून ठेवलेले!

पण छिद्र किती मोठे हवे? येथेच सारी अक्कल लागते. मोजमाप नॅनोमीटरचे असते, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दोन नॅनोमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म छिद्रे, दोन ते पन्नासची मध्यम आणि त्यापुढची मोठी.

मुंबईतील मंगळदास मार्केट ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच कळेल. ट्रक बाहेर रस्त्यावर थांबतो. आतल्या बोळात हमाल डोक्यावर गाठ घेऊन जातो. तीन गाठींची हातगाडी बोळात घुसवली तर ती अडकते आणि मागचा सारा रस्ता बंद होतो. तेलाचा पूर्ण कण म्हणजे ही तीन गाठींची हातगाडी होय. झिओलाइट नावाच्या पदार्थाची छिद्रे साधारण अर्धा ते पाऊण नॅनोमीटर रुंद असतात. त्यांत सुटे मेदाम्ल कसेबसे शिरते, पूर्ण तेलाचा कण दारातच अडकतो. अडकलेला माल त्या उष्णतेत जळतो आणि त्याचा कोळसा होऊन तोंड बुजते.

मग सगळी छिद्रे रुंदच का ठेवू नयेत? कारण रुंद छिद्रांत भिंती कमी, म्हणजे काम कमी. शिवाय अरुंद बोळांत जी नेमकी कामे होतात, ती रुंद रस्त्यावर होत नाहीत. म्हणून आजचे संशोधन दोन्हींचा मेळ घालू पाहते. आधी रुंद रस्ता, त्यातून मध्यम गल्ली आणि गल्लीतून बोळ. अशा पायरीपायरीच्या छिद्रांत माल आत जातो, तयार होतो आणि वेळेवर बाहेरही पडतो.

ही छिद्रे पाडतात कशी?

सुई टोचून नव्हे! टॉवेलच्या धंद्यातील बांधवांना पाण्यात विरघळणारे पीव्हीए सूत माहीत असेल. ते कापसाच्या सुताबरोबर पीळ देऊन विणतात. गरम पाण्याच्या धुलाईत पीव्हीए विरघळून जाते, त्याची जागा पोकळ राहते आणि टॉवेल मऊ होऊन पाणी जास्त शोषतो.

अगदी हीच युक्ती येथे आहे. साबणासारख्या पदार्थाचे कण पाण्यात एकत्र येऊन बारीक कांड्या बनवतात. त्यांच्याभोवती सिलिका जमू देतात. मग सुमारे ५५० अंशांवर भाजतात. आतला साबण जळून जातो आणि त्याच्या जागी सरळ, एकसारखे बोगदे उरतात. अमेरिकेच्या मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये अशी एमसीएम-४१ ही सिलिका जाहीर केली. तिची छिद्रे काही नॅनोमीटरची. १९९८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शास्त्रज्ञांनी एसबीए-१५ तयार केली. तिच्या भिंती जाड आणि छिद्रे आणखी रुंद.

पुढचे काम रंगाईचे. रंगाच्या कुंडात ताका बुडवावा तशी ही भुकटी निकेलच्या क्षाराच्या द्रावणात भिजवतात, वाळवतात, भाजतात आणि शेवटी हायड्रोजन सोडून धातू जागा करतात. रंग एकसारखा बसला नाही तर कापडावर डाग पडतात. येथेही धातूचे ढेकूळ झाले तर छिद्र बुजते आणि महाग माल फुकट जातो.

अडचणी कोणत्या?

एक, धातूचा भाव. फिनलंडमधील तुर्कू येथील ओबो अकादमी विद्यापीठात द्मित्री मुर्झिन आणि सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास दाखवून दिले, की कोळशावर बसवलेले पॅलेडियम मेदाम्लाचे टोक सफाईने तोडते. पण पॅलेडियम हा सोन्या-चांदीच्या पंगतीतला धातू. निकेल स्वस्त आहे, पण ते धागा नको तिथे तोडते आणि कोळसाही जास्त धरते. म्हणून सारी खटपट चालली आहे ती स्वस्त निकेलला योग्य छिद्रांत बसवून शहाणे करण्याची. जर्मनीत म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात योहानेस लेर्चर यांच्या गटाने २०१२ मध्ये झिओलाइटवरच्या निकेलने शेवाळाच्या तेलाचे डिझेल जातीचे इंधन करून दाखवले.

दोन, गंधक. तेलशुद्धीकरण कारखान्यांतले निकेल-मोलिब्डेनमचे उत्प्रेरक गंधकयुक्त असतात. वनस्पती तेलात गंधक जवळजवळ नसते, म्हणून उत्प्रेरक आपले गंधक हळूहळू गमावतो. मग वरून थोडे गंधक देत राहावे लागते.

तीन, थंडी. सरळ अठरा कार्बनचा धागा २८ अंशांवरच गोठतो. म्हणजे थंडीत टाकीत डिझेल नव्हे, मेण! म्हणून दुसऱ्या टप्प्यात धाग्याला फांदी फोडावी लागते. फांदीवाले धागे एकमेकांवर नीट बसत नाहीत, त्यामुळे गोठत नाहीत. हे काम एसएपीओ-११ सारख्या बारीक छिद्रांच्या पदार्थात होते. छिद्राची रुंदी चुकली तर फांदी फुटण्याऐवजी धागाच तुटतो आणि डिझेलऐवजी हलके नॅफ्था व वायू हाती लागतात.

चार, आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची, कच्च्या मालातील घाण. खळ आणि मेण न काढलेले कोरे कापड रंगात बुडवले तर काय होते, हे रंगारी जाणतात. पाणीच आत शिरत नाही, तर रंग कुठून बसणार? येथेही तसेच. तेलातील गोंदासारख्या पदार्थांतले फॉस्फरस, साबणातले सोडियम, हाडांतले कॅल्शियम हे छिद्रांच्या तोंडाशी बसतात. जमलेला कोळसा हवेत जपून जाळून काढता येतो, पण हे पदार्थ जळून जात नाहीत. मिठातले क्लोरीन कारखान्याचे पोलाद खाते. चरबीबरोबर आलेल्या पिशव्यांचे प्लास्टिक वितळून गाळण्या बंद करते. लाखमोलाचा उत्प्रेरक अशा मालामुळे मुदतीआधीच फेकावा लागतो.

बंधूंनो, आमच्या मते सारा धडा येथे आहे. तेलाचा खरेदीदार भाव देतो तो केवळ तेलाला नव्हे. त्याची छिद्रे किती दिवस मोकळी राहतील, याला तो भाव देतो.

काम कोठवर आले आहे?

ही केवळ प्रयोगशाळेची गोष्ट राहिलेली नाही. फिनलंडच्या नेस्टे कंपनीने २००७ मध्ये पोर्वो येथे पहिला कारखाना चालू केला. २०१० मध्ये सिंगापूर आणि २०११ मध्ये रॉटरडॅम येथे मोठे कारखाने उभे केले. तेथे वापरलेले खाद्यतेल आणि जनावरांची चरबीही कच्चा माल म्हणून जाते.

आपल्याकडे डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने सच्छिद्र उत्प्रेरकांवर काम केले. तेथे जट्रोफाच्या तेलापासून बनवलेले इंधन मिसळून २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला विमान उडाले. डिझेल आणि विमानाचे इंधन यांचे धागे जवळचेच आहेत, विमानाचे थोडे आखूड.

खाद्यतेलाबाबत कायदाही बदलला आहे. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे, म्हणजे जळक्या तेलात वाढणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. त्याच वर्षी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची योजना सुरू केली. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांना १ मार्च २०१९ पासून त्याची नोंद ठेवणे आणि ते अधिकृत संकलकालाच देणे बंधनकारक झाले.

आपण काय करावे?

कारखाना काढणे आपले काम नाही. पण कारखान्याला लागणारा स्वच्छ माल गोळा करणे, गाळणे, तपासणे आणि वेळेवर पोहोचवणे हे नक्कीच आपले काम आहे. आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

१. वेगवेगळा माल वेगळा ठेवा. हॉटेलचे तेल, चरबी आणि ॲसिड ऑइल एका पिंपात ओतू नका. मिसळले की सर्वांत हलक्या मालाचा भाव साऱ्याला लागतो.

२. पाणी काढा. तेल गरम असतानाच गाळा, मग स्थिर ठेवून तळाचे पाणी आणि गाळ सोडून द्या. चमचाभर तेल तव्यावर तापवा. तडतडले तर पाणी शिल्लक आहे. पाणी राहिले की साठवणीतही मेदाम्ल सुटत राहते.

३. चरबी पातळ पिशव्यांत भरू नका. झाकणाचे स्वच्छ पिंप वापरा. हाडे आणि रक्त वेगळे काढा आणि माल ताजा असतानाच वितळवा.

४. आम्लता तपासून घ्या. प्रयोगशाळेत दहा ग्रॅम तेल अल्कोहोलमध्ये मिसळून, फिनॉल्फ्थेलिनचे थेंब घालून, ०.१ नॉर्मल अल्कलीचे द्रावण गुलाबी रंग टिकेपर्यंत सोडतात. जितके मिलिलिटर लागले त्याला ०.२८२ ने गुणा. सात मिलिलिटर लागले तर मुक्त मेदाम्ल सुमारे दोन टक्के. हा आकडा हातात असला की खरेदीदार आपल्याला अंदाजाने गुंडाळू शकत नाही.

५. वही ठेवा. कोणाकडून, कोणत्या दिवशी, किती किलो, याची नोंद असावी. परदेशी खरेदीदार माल खरोखर वापरलेलाच आहे याचा कागद मागतात. टाकाऊ तेलाला सवलत मिळते म्हणून चांगले तेल टाकाऊ दाखवून विकण्याचा मोह होतो. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, तेव्हा खाण्याचे तेल जाळणे हा धंदा नव्हे.

६. जळके तेल पुन्हा खाण्याच्या बाजारात जाऊ देऊ नका. चार पैसे जास्त देऊन ते नेणारे भेटतील. ते कोणाच्या मुलांच्या ताटात जाते, याचा विचार करा. संकलकाचा परवाना पाहूनच माल द्या.

७. कोणी छोटे यंत्र विकायला आला तर तीनच प्रश्न विचारा. माझ्या तेलातली आम्लता किती चालेल? निघणारे इंधन बायोडिझेल की हरित डिझेल, आणि कोणत्या मानकात बसते? माझ्याच तेलाचा घाणा माझ्यासमोर काढून दाखवाल का? आम्ही हे तीन प्रश्न विचारले असते, तर तिघांचे पैसे वाचले असते.

आमचे ते यंत्र गेले. पण त्या खोलीत पिंपे आणि गाळण्या राहिल्या होत्या. आमच्या भागीदारांपैकी एकाने त्याच वापरून तेल गाळून, आम्लता लिहून, अधिकृत संकलकाला देण्याचे काम धरले. काम लहान आहे, पण पिंपावरची चिठ्ठी आणि आतला माल सारखा असतो. म्हणून त्याच्याकडे खरेदीदार स्वतःहून येतो.